दोन रेघा आणि शिक्का

२४ एप्रिल २००३, गुरुवार

जिनिव्हाला आज पुन्हा फॅक्स गेला. मशीनमधून कागद सरकला, ‘पोहोचला’ अशी चिठ्ठी बाहेर आली, आणि पुढे नेहमीप्रमाणे काही नाही. सहा वर्षं मी रोगनियंत्रण कार्यालयातल्या या टेबलावर बसतेय. जगाच्या आरोग्याची काळजी वाहणाऱ्या त्या मोठ्या इमारतीतून माझ्या नावे एक ओळ आलेली नाही. आम्ही त्यांचे सभासद नाही. बीजिंगचं म्हणणं, तैवान आमचाच, त्याला काय सांगायचं ते आमच्यामार्फत सांगा. जिनिव्हावाले ते निमूट ऐकतात. सार्सचा जीवघेणा ताप मात्र थेट आला. त्याला कुणाची मारफत लागली नाही.

दुपारी डॉ. फांग माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. एकतीस वर्षांची पोरगी, चार दिवस घरी गेलेली नाही, केस धुतलेले नाहीत. विषाणूची चाचणी तीच करते. म्हणाली, “लाय बाई, माझ्याकडे तराजू आहे, वजनं नाहीत. खरा विषाणू, मेलेला का होईना, एकदा चाचणीत घालून पाहिल्याशिवाय माझं ‘आहे’ खरं की ‘नाही’ खरं, मलाच कळत नाही. कुठूनही मिळवा.”

बाहेरून काय येतं, काय जातं, त्याचे कागद बघणं हे माझं काम. मिळवा म्हणे. बाजारात मिळतं का ते?

२६ एप्रिल, शनिवार

आ-ह्वी आत गेली.

सकाळी टीव्हीवर सांगितलं, आमच्या कीलुंगच्या आन-तै इस्पितळात ताप पसरलाय, इमारत बंद. जे सुट्टीवर असतील त्यांनीही संध्याकाळपर्यंत आत हजर व्हावं. आ-ह्वी, माझी धाकटी बहीण, तिथल्या धोबीखान्यात आहे. ती समोरच पेज खात बसली होती.

“मी नाही जायची,” ती म्हणाली. “त्यांच्या आजाऱ्यांच्या चादरी मी धुतल्या, आणि आता पिंजऱ्यातही मीच?”

“हुकूम आहे. सरकारी माणसाच्या घरातच हुकूम मोडला तर लोक काय म्हणतील?”

“सरकारी माणूस तू आहेस, आ-ची. मी कंत्राटी. माझे तर गणवेशाचे पैसेसुद्धा कापतात.”

आ-ची म्हणजे थोरली. गोड बोलायचं असलं की आणि टोमणा मारायचा असला की, दोन्ही वेळा ती हीच हाक मारते. आ-पा, आमचे वडील, खिडकीपाशी बसून पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, “जा गं. चार दिवसांचा प्रश्न.” आ-पा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा शब्द आ-ह्वी मोडत नाही, माझा रोज मोडते.

पिशवीत तीन कपडे, खारवलेला मुळा आणि फोनचा चार्जर घेऊन ती गेली. इस्पितळाच्या दारापर्यंत मी सोडायला गेले होते. पोलिसानं तिला आत घेतलं आणि मला दहा पावलं मागे सरायला सांगितलं.

२८ एप्रिल, सोमवार

आज चांगला दिवस. डॉ. फांगनं युरोपातल्या पाच-सहा प्रयोगशाळांना मेल टाकल्या होत्या, त्यातल्या एकाचं उत्तर आलं. डॉ. राइनर. विषाणू द्यायला तयार आहेत! मेलेला, बर्फात घालून, विमानानं. दोन-तीन दिवसांत इथं. अट एकच. हा माल जिनिव्हाच्या परवानगीशिवाय हलत नाही, तेव्हा त्यांचा छापील फॉर्म भरून, सही करून जिनिव्हाला पाठवायचा. तिकडून होकार आला की डबा निघेल. फॉर्म त्यांनीच फॅक्स केला.

मी भरायला घेतला. संस्थेचं नाव, पत्ता, बर्फ किती, उतरून कोण घेणार. देशाच्या रकान्यात मात्र आधीच छापलेलं: तैवान, चीनचा प्रांत.

माझा हात आपोआप ड्रॉवरमध्ये गेला. लाल पेन, स्टीलची पट्टी. ‘चीनचा प्रांत’ या शब्दांवर दोन सरळ रेघा, आणि शेजारी माझ्या नावाचा चौकोनी शिक्का. शिक्क्याशिवाय खोडलं तर ती खाडाखोड, शिक्का मारला की दुरुस्ती. बँकेत, कोर्टात, शाळेच्या दाखल्यावर, आमच्याकडे सगळीकडे हीच रीत. नोकरीच्या वीस वर्षांत परदेशी कागदांवरची ही चूक मी किती वेळा दुरुस्त केली असेल, गणती नाही. पुस्तकांची पार्सलं, यंत्रांची बिलं, परिषदांची पत्रं. कधी कुणी ‘का’ म्हणून विचारलं नाही.

च्वांग साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, कागद उजेडात धरून पाहिला. “बाई, तुमच्या रेघा पाहिल्या की बरं वाटतं. नवी पोरं नुसतं गिरगटतात.”

डॉ. फांग तेवढी म्हणाली, “पण हा त्यांचा फॉर्म ना? चालेल त्यांना?”

“न चालायला काय झालं? शिक्का आहे की.”

चारच्या आत फॅक्स गेला. घरी येऊन आ-पांना सांगितलं. ते चाळीस वर्षं बंदराच्या पोस्टात पत्रं निवडत होते. पाकिटावर देशाचं नाव चुकीचं दिसलं की वाटायच्या आधी खोडायचे. साहेबांचा ओरडा खायचे आणि पुन्हा खोडायचे. त्यांनी रश्श्यातला माशाचा मोठा गोळा उचलून माझ्या वाडग्यात घातला. मला फार बरं वाटलं.

३० एप्रिल, बुधवार

जिनिव्हाकडून काही नाही.

आ-ह्वीचा फोन. घसा धरलाय. “दर वर्षी या दिवसांत धरतो, तुला माहितीये. पण इथं खोकलं तरी लोक भिंतीला चिकटतात. खोकला गिळून गिळून माझं पोट भरलंय.” थोडा ताप आहे, अडतीसच्या खाली. मी म्हटलं, कोमट पाणी पी. ती म्हणाली, “वा! सरकारी सल्ला!”

२ मे, शुक्रवार

ताप असलेल्या सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या एका दालनात हलवलंय. आ-ह्वीलाही. कुणाला साधा ताप आणि कुणाला तो, हे सांगता येत नाही म्हणून सगळे एकत्र. डॉ. फांगला विचारलं. ती चिडली, माझ्यावर नाही, अशीच.

“निम्म्यांना साधा ताप असणार. पण कुठले निम्मे ते मी सांगू शकत नाही ना! काल सगळ्यांच्या घशाचे नमुने घेतलेत, फ्रीजरमध्ये ठेवलेत. वजनं आली की एका दिवसात सांगते. साध्या तापवाले बाहेर, बाकीचे वेगळे.”

“माझी बहीण आहे त्यात.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “हे आधी का नाही सांगितलंत?”

सांगून काय होणार होतं? कागद जिथं जायचा तिथं मी पाठवलाय.

डॉ. राइनरची मेल आली: डबा तयार आहे, कागदाची वाट पाहतोय. याला म्हणतात साळसूदपणा. कागद सोमवारीच गेला! जिनिव्हावाले त्याच्यावर बूड टेकून बसलेत, आणि हा गृहस्थ मलाच ऐकवतो. सगळे एका माळेचे मणी.

आ-ह्वीच्या शेजारच्या खाटेवर आ-युए मावशी आहे, धोबीखान्यातलीच. एकोणसाठ वर्षांची, आ-ह्वीला लेकीसारखी मानते. खूप खोकते म्हणे. आ-ह्वी तिला पाणी पाजते, पाठ चोळून देते. “मास्क आहे ना?” मी विचारलं. “आहे. चार दिवसांना एक. मावशीचा ओला झाला म्हणून आज माझा तिला दिला.”

आ-ह्वी अशीच आहे, लहानपणापासून.

५ मे, सोमवार

आठवडा झाला. काही नाही.

डॉ. राइनरची आणखी एक मेल. कागद व्यवस्थित गेला आहे ना, एकदा तपासून पाहाल का, अशी विनंती. मला झोंबलं. आमच्या कार्यालयाचे कागद व्यवस्थित असतात की नाही हे मला शिकवणार! प्रत काढून पुन्हा नीट पाहिली. एक रकाना रिकामा नाही. रेघा पट्टीनं मारलेल्या, शिक्का सरळ, शाई न पसरलेली. उत्तर लिहिलं: कागद पूर्णपणे व्यवस्थित आहे, विलंब आपल्या बाजूचा आहे. च्वांग साहेबांनी ‘पूर्णपणे’ खाली रेघ ओढायला सांगितली.

६ मे, मंगळवार

अर्धी रजा काढून आन-तैच्या फाटकाशी गेले. आ-पांना नेलं नाही. बाहेर नातेवाइकांची गर्दी, सगळे वर खिडक्यांकडे बघत फोनवर बोलत होते. माझ्या शेजारचा माणूस आपल्या बायकोला वीजबिल कुठे ठेवलंय ते विचारत होता. तिसऱ्या मजल्यावर आ-ह्वी दिसली. तिनं उशीचा अभ्रा हलवून दाखवला.

“हा मीच धुतलेला,” ती फोनवर म्हणाली. “डाग बघ गेलाय का.”

“इतक्या लांबून काय दिसणार?”

“मग झाला स्वच्छ.”

हसलो दोघी. मग ती खिडकीतून दिसेनाशी झाली. “बसून बोलते,” म्हणाली. दिवसभर उभं राहून पाय भरून येत असतील. पुढची दोन मिनिटं तीच ऐकत होती, मी बोलत होते. आ-पांनी सकाळी तुझ्या नावानं उदबत्ती लावली वगैरे. ती हं, हं करत होती.

८ मे, गुरुवार

ताप एकोणचाळीस. “बोलायचा कंटाळा आलाय,” म्हणाली. आ-ह्वीला बोलायचा कंटाळा! आ-युए मावशीला काल दुसरीकडे हलवलं, नळी घालावी लागली.

मी जिनिव्हाला नववा फॅक्स केला. त्यात पहिल्यांदाच लिहिलं की या इमारतीत माझी सख्खी बहीण आहे. खरं तर सरकारी पत्रात असं लिहायचं नसतं. च्वांग साहेबांना न दाखवता पाठवला.

९ मे, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

परदेशी फोनला वरची मंजुरी लागते. डॉ. फांगनं दुपारी तीन वाजता, तिकडे सकाळ झाल्या झाल्या, स्वतःच्या मोबाइलवरून डॉ. राइनरना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुम्ही भांडा. माझ्यात त्राण नाही.”

मी भांडायच्याच तयारीत होते. माणूस आवाजावरून म्हातारा वाटला, शांत. मी नाव सांगताच म्हणाले, “मॅडम, तुमचा डबा अकरा दिवस माझ्या फ्रीजरमध्ये आहे. मी रोज जिनिव्हाला विचारतो. ते म्हणतात, फॉर्म बाद झाला. छापील मजकुरावर कुणीतरी खोडलं आहे आणि शेजारी चौकोनी काहीतरी उमटवलं आहे. फेरफार केलेला फॉर्म ते धरत नाहीत.”

“तो शिक्का आहे,” मी म्हटलं.

“कसला शिक्का?”

“माझा. दुरुस्तीचा.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “त्यांनी तर तो दुसऱ्याच दिवशी परत पाठवला. तुमच्यासाठी जो मार्ग ठरला आहे त्या मार्गानं. मिळाला नाही?”

आमच्यासाठी जो मार्ग ठरलाय तो बीजिंगवरून जातो. तिथं कुणाच्या तरी ट्रेमध्ये माझा फॉर्म पडला असेल. काय चुकलं हे आम्हाला कळवण्याइतकीही ओळख जिनिव्हानं आमच्याशी ठेवलेली नाही. नाहीतर त्याच दिवशी एक फोन आला असता, ‘बाई, असं चालत नाही, नवा पाठवा,’ आणि दोन मेला डबा इथं असता.

त्यांनी नवा कोरा फॉर्म लगेच फॅक्स केला. तोच. तेच छापलेलं.

मी तो च्वांग साहेबांकडे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागदाला हात लावला नाही. “बाई, हे न खोडता आमच्या कार्यालयाकडून गेलं आणि उद्या पेपरात आलं, तर माझी खुर्ची गेली, तुमचं पेन्शन गेलं.”

“मग खोडू?”

“मी असं कुठं म्हटलं?” त्यांनी छत्री घेतली. “मी आता मंत्रालयात चाललोय. हा कागद मी पाहिलेला नाही.”

डॉ. फांग दारातच उभी होती. म्हणाली, “लाय बाई, सही करा. शिव्या मला घाला. देशद्रोही म्हणा. पण सही करा.”

मी बसले. पेन निळं घेतलं. देशाचा रकाना सोडून बाकी सगळं भरलं, कारण तो भरलेलाच होता. सही केली. लाल पेन ड्रॉवरमध्ये दिसत होतं. फॅक्सच्या मशीननं कागद ओढून घेईपर्यंत मी तो धरून ठेवला होता.

नंतर जाऊन हात धुतले, साबणानं, दोनदा. चाळीस मिनिटांत जिनिव्हाचा होकार डॉ. राइनरकडे पोहोचला. चाळीस मिनिटं! त्या दोन शब्दांची किंमत एवढीच होती त्यांच्या लेखी, आणि मला वाटत होतं की अंगावरची कातडी सोलून दिली.

११ मे, रविवार

आ-युए मावशी गेली. आ-ह्वीला अजून सांगितलेलं नाही. आ-ह्वीला प्राणवायू लावलाय.

आ-पांना फॉर्मचं काही बोलले नाही. दुसऱ्या फॉर्मचं तर नाहीच. आज त्यांनी शेजाऱ्याला अभिमानानं सांगितलं, “आमची आ-छिन जिनिव्हालासुद्धा सोडत नाही, खोडते.” मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच ऐकलं. आयुष्यात एकदाच मी न खोडता सही केली. हे लाजेचं ओझं मी आ-ह्वीसाठी उचललं. ती बरी होऊन घरी आली की तिला सांगेन, तिच्याकरता काय केलं ते.

१२ मे, सोमवार

डबा आला. विमानतळावर मीच गेले. कीलुंगची आहे कळल्यावर टॅक्सीवाल्यानं चारी काचा खाली केल्या. फोमच्या डब्यातून पांढरी वाफ निघत होती. मांडीवर घेऊन बसले.

१३ मे, मंगळवार

डॉ. फांगनं रात्रीपासून बसून सगळे नमुने तपासले. फ्रीजरमधले जुने आणि शनिवारी घेतलेले नवे, दोन्ही. सकाळी दहाला यादी माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती गेली नाही, समोरची खुर्ची ओढून बसली.

एक मेला ताप असलेले एकतीस. त्यातले चौदा साध्या तापाचे. चौदांपैकी सहा आता साधे राहिले नाहीत.

लाय बी-ह्वी. एक मे: नाही. दहा मे: आहे.

“एक मेच्या नमुन्यात चूक असू शकते?” मी विचारलं.

“तीनदा केला. तुमचं आडनाव पाहून.”

म्हणजे घसाच धरला होता तिचा. दर वर्षीसारखा.

डॉ. फांग माझा हात धरून बसली. मला ते आवडलं नाही, पण सोडवूनही घेतला नाही. उरलेल्या आठ जणांना संध्याकाळी बाहेर काढलं. ते नाचत बाहेर आले म्हणे.

१४ मे, बुधवार

च्वांग साहेब म्हणाले, दुसरा फॉर्म फाइलीत नको. पहिला असू द्या, तो कार्यालयाला शोभा देतो. मी हो म्हणाले आणि दोन्ही लावले.

२० मे, मंगळवार

जिनिव्हात जगभरचे आरोग्यमंत्री जमलेत. आम्हाला निदान मागच्या रांगेत बसून ऐकू द्या, हा विषय यंदाही अजेंड्यावर आला नाही. आ-पांनी टीव्हीला शिव्या घातल्या. एरवी मीही घातल्या असत्या.

आ-ह्वीची फुप्फुसं दोन्ही बाजूंनी पांढरी दिसतात. तिच्या नाकाशी यंत्र आहे. नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून तिच्या कानाशी धरला. मी काय बोलणार? सांगितलं, घरी मांजर व्याली. आमच्याकडे मांजर नाहीच. तिला कळलं असणार.

२६ मे, सोमवार

प्राणवायू थोडा कमी केला. डॉक्टर अजून ‘बघू’ म्हणतात.

३ जून, मंगळवार

ती स्वतः बोलली. “आ-ची, मांजराला पिल्लं किती?” मी कार्यालयाच्या जिन्यात बसून रडले. येणारे-जाणारे मला वळसा घालून गेले.

१५ जून, रविवार

आ-ह्वी शुक्रवारी घरी आली. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. एकेका जिन्याला थांबत, कठड्याला धरत चढली. वीस मिनिटं लागली. आ-पा वर दार उघडून उभे होते, सारखे म्हणत होते, “सावकाश, सावकाश,” जणू ती पळतच येणार होती. अंगात नुसती हाडं राहिलीत. घरात आल्यावर तिनं पहिल्यांदा आ-युए मावशीच्या मुलाला फोन केला. फार वेळ बोलली नाही.

आज दुपारी जेवायला तिघं एकत्र बसलो. पेज, खारवलेल्या मुळ्याचं ऑम्लेट, वाफवलेला मासा. आ-पा खुशीत होते. माझं कौतुक सुरू झालं, पहिल्या फॉर्मचं, दोन रेघांचं. आ-ह्वीला ठाऊक नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मला ते ऐकवेना. म्हटलं, आता सांगून टाकावं. तिच्यासमोर, त्यांच्यासमोर, एकदाच.

सगळं सांगितलं. पहिला फॉर्म बाद झाला, अकरा दिवस गेले, आम्हाला कुणी कळवलं नाही. नऊ तारखेला दुसरा आला आणि तो मी न खोडता पाठवला.

आ-पांनी वाडगा ठेवला. “तसंच ठेवलंस? चीनचा प्रांत? खाली सही करून?”

“हो.”

“तुझ्या हातानं?”

“आ-पा, आ-ह्वी आत होती.”

“लोकांनी या नावापायी तुरुंग भोगले! माझे दोन सोबती पोस्टातून उचलून नेले, ते परत आले नाहीत. आणि तू एका डब्यासाठी...”

“डब्यासाठी नाही!” मी त्यांच्यावर कधी आवाज चढवत नाही, आज चढला. “आ-ह्वी आत होती. तिच्यासाठी केलं मी. तिची शपथ, दुसऱ्या कशासाठीही केलं नसतं.”

मी आ-ह्वीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर वाट पाहत होते, ती काहीतरी बोलेल म्हणून. माझ्या बाजूनं. ती माशाचे काटे काढत होती, आ-पांच्या वाडग्यासाठी. त्यांना दिसत नाहीत.

“पहिला फॉर्म कुठल्या तारखेचा?” तिनं विचारलं.

“अठ्ठावीस एप्रिल.”

तिला दम लागतो, म्हणून ती वाक्यामध्ये थांबते. “मग तेव्हाही मी... आतच होते की, आ-ची.”

तिनं काटा ताटलीच्या कडेला ठेवला आणि दुसरा शोधू लागली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.